पेशीतली पाठराखीण

पूर्वी पाठवणी झाली आणि नवरीची गाडी सासरी निघाली की मागच्या सीटवर एक एक्स्ट्रा कॅरेक्टर असायचं. नवरीची धाकटी बहीण, नाहीतर आत्या, नाहीतर शेजारची एखादी विश्वासू काकू. हिला म्हणायचे पाठराखीण. तिचं काम म्हटलं तर काहीच नाही. स्वयंपाक करायचा नाही, कुणाला काही शिकवायचं नाही, सासरच्या भानगडीत नाक खुपसायचं नाही. नव्या माणसांच्या गराड्यात नवरी बावरू नये, नको त्याच्या तावडीत सापडू नये, एवढंच बघायचं. दोन-चार दिवसांत नवरी रुळली की ही बॅग उचलून परत. त्या घराच्या पुढच्या कुठल्याच फॅमिली फोटोत ती दिसत नाही.

आता रिसेप्शनच्या दुसऱ्या दिवशी पहाटेची फ्लाइट पकडायची असते, त्यामुळे शहरात हा जॉब जवळपास बंद झालाय. पण एका ठिकाणी तो अजून पर्मनंट आहे, तुमच्या-आमच्या प्रत्येक पेशीत. तिथे तिचं डेसिग्नेशन आहे 'मॉलिक्युलर शॅपरोन'. युरोपात तरुण मुलगी पार्टीला निघाली की तिच्यासोबत जी पोक्त बाई धाडायचे, ती शॅपरोन. म्हणजे आपली पाठराखीणच, फक्त गाऊनमधली.

आता ही बाई पेशीत करते काय? त्यासाठी आधी प्रोटीनबद्दल दोन शब्द.

प्रोटीन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो जिमवाल्या मित्राचा तो पावडरचा भलाथोरला डबा. त्या पावडरीचे पोटात गेल्यावर तुकडेतुकडे होतात आणि उरतात अमायनो ॲसिड नावाचे मणी. मणी वीस प्रकारचे. पेशी ते घेते आणि स्वतःच्या डिझाइनप्रमाणे नव्याने माळ ओवते. कुठल्या मण्यानंतर कुठला, हे जीनमध्ये लिहिलेलं असतं. माणसाकडे असे साधारण २०,००० जीन आहेत. आणि ओवण्याचा स्पीड म्हणाल, तर सेकंदाला पाच-सहा मणी.

पण माळ तयार झाली म्हणजे प्रोटीन तयार झालं, असं नाही. नऊवारी दुकानातून आणली तेव्हा ती नऊ वार कापड असते. निऱ्या, काष्टा, पदर सगळं जागच्या जागी बसलं की मगच ती नेसलेली साडी. तसंच इथेही. त्या माळेची एक ठरावीक घडी पडावी लागते. हिमोग्लोबिनची घडी वेगळी, इन्सुलिनची वेगळी. घडी बसली तर ऑक्सिजन वाहून नेणार, साखर सांभाळणार. विस्कटली तर नुसता गुंता.

मग ही घडी घालतं कोण?

या प्रश्नाचं पहिलं उत्तर इतकं सुंदर होतं की त्याला नोबेल मिळालं. अमेरिकेत ख्रिश्चन अनफिन्सन यांनी रायबोन्यूक्लिएज नावाचं १२४ मण्यांचं एक छोटं प्रोटीन घेतलं. त्याची घडी गंधकाच्या चार टाक्यांनी पक्की केलेली असते. अनफिन्सननी ते युरियात टाकलं, टाके उसवले, सगळी घडी मोडून टाकली. प्रोटीन ठप्प. मग हळूहळू युरिया काढून घेतला. आणि काय आश्चर्य! कुणी बोटही न लावता ती माळ आपली आपण पूर्वीच्याच घडीत जाऊन बसली. कामालाही लागली! याचा अर्थ, घडी कशी पडायची याची सगळी माहिती माळेतच असते. बाहेरून कुणी शिकवायची गरज नाही. १९७२ चं केमिस्ट्रीचं नोबेल अनफिन्सनना मिळालं ते या कामासाठी.

'सेल्फ-मेड' मंडळींना प्रचंड आवडेल असा हा फंडा आहे. टॅलेंट आतच असतं बॉस, संधी द्या फक्त! आणि फंडा चूक नाहीच. फक्त त्यात एक छोटीशी अट दडलेली आहे. अनफिन्सनच्या टेस्टट्यूबमध्ये एकांत होता. भरपूर पाणी आणि त्यात विरळ पसरलेलं एकच प्रोटीन. पेशीत असं काही नसतं. बॅक्टेरियाच्या पेशीत एका लिटरमागे तीनशे ते चारशे ग्रॅम एवढे मोठे रेणू कोंबलेले असतात. संध्याकाळी सहाच्या विरार फास्टमध्ये चढून साडी नेसून दाखवा, असं सांगण्यासारखंच आहे हे.

गर्दीचा त्रास नेमका काय होतो, तेही बघू. वीस प्रकारच्या मण्यांपैकी काही मणी तेलकट स्वभावाचे असतात, त्यांना पाणी अजिबात सोसत नाही. नीट घडी पडली की हे मणी आत दडतात आणि पाणी आवडणारे बाहेर राहतात. पण घडी पूर्ण व्हायच्या आधी हे तेलकट मणी उघडे असतात, आणि शेजारी तसंच अर्धवट घडीचं दुसरं प्रोटीन आलं की दोघं एकमेकांना चिकटतात. मग तिसरं, मग चौथं. साबुदाणा खिचडी ज्यांनी स्वतः केलीय त्यांना हे सांगायची गरज नाही. दाणा न् दाणा सुटा हवा असतो, आणि आपल्या नशिबी येतो गोळा! त्यावर आजीचा उपाय म्हणजे परतायच्या आधी दाण्याचं कूट नीट चोळून घ्यायचं, म्हणजे कूट दाण्यादाण्यांच्या मध्ये येतं. शॅपरोनचं पहिलं काम अगदी हेच, मध्ये येण्याचं. फरक एवढाच की कूट खिचडीत राहतं, शॅपरोन निघून जाते.

आणि एकदा गोळा झाला की झाला. अंडं उकडल्यावर पांढरं घट्ट होतं ना, ते हेच. उष्णतेने प्रोटीनच्या घड्या सुटल्या आणि सगळी एकमेकांत अडकली. उकडलेलं अंडं फ्रीजमध्ये ठेवून परत कच्चं होत नाही.

उष्णतेचा विषय निघालाच आहे तर इटलीतला एक मजेशीर किस्सा. १९६० च्या सुमारास फेरुच्चो रितोस्सा नावाचा तरुण संशोधक फळमाश्यांच्या अळ्यांवर काम करत होता. पिकल्या केळ्यांभोवती घोंघावतात त्या चिमुकल्या माश्या. लॅबमधल्या कुणीतरी इन्क्युबेटरचं टेम्परेचर वाढवून ठेवलं. रितोस्साने मायक्रोस्कोपखाली पाहिलं, तर क्रोमोझोमवर भलत्याच ठिकाणी फुगवटे आलेले. फुगवटा म्हणजे तिथले जीन जोरात कामाला लागल्याची खूण. थोडक्यात, गरम झाल्याबरोबर पेशीने कुठली तरी इमर्जन्सी टीम बोलावली होती! त्याने पेपर लिहिला. एका नामवंत जर्नलने तो परत पाठवला, म्हणे यात जीवशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचं काही दिसत नाही. अखेर १९६२ मध्ये तो दुसरीकडे छापून आला. (रिजेक्शन मेल आलेल्या समस्त फ्रीलान्सरांनी हा परिच्छेद कापून फ्रीजवर लावावा. मी लावणार आहे.)

ती इमर्जन्सी टीम म्हणजे प्रोटीनच होती, हे १९७४ मध्ये आल्फ्रेड टिसिएर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. त्यांना नाव पडलं हीट शॉक प्रोटीन्स, शॉर्टमध्ये एचएसपी. पुढे लागणारा आकडा वजनाचा, जसं एचएसपी ७०, एचएसपी ९०. आणि मग हळूहळू कळत गेलं की ही मंडळी फक्त तापाच्या दिवशी येत नाहीत, त्यांच्यातल्या बऱ्याच जणी रोज ड्युटीवर असतात. ताप आला की स्टाफ वाढतो, इतकंच.

यातल्या एचएसपी ७० ची पद्धत साधी आहे. रायबोझोममधून माळ बाहेर येत असतानाच तिच्यातला सहा-सात मण्यांचा तेलकट तुकडा ती चिमटीत पकडते, वर झाकण लावते. कुणाला चिकटायची सोयच उरत नाही. मग एटीपी नावाचं पेशीचं इंधन खर्च करून चिमटी सोडते. माळेला स्वतःची घडी घालायला एक चान्स मिळतो. नाही जमली? परत पकडते.

पण या सगळ्या खात्यातलं माझं फेव्हरिट म्हणजे ग्रोईएल. बॅक्टेरियामधली ही शॅपरोन चक्क एक डबा आहे. सात-सात प्रोटीन्सची दोन कडी, पाठीला पाठ लावून उभी. प्रत्येक कडं आतून पोकळ. तोंडाशी तेलकट कड असते, त्यामुळे घडी चुकलेली प्रोटीन्स नेमकी तिथेच येऊन चिकटतात. मग सात एटीपी येतात, वरून ग्रोईएस नावाचं झाकण बसतं आणि डबा एकदम रूप पालटतो. आतली पोकळी जवळजवळ दुप्पट होते. मघाशी तेलकट असलेली भिंत आता पाणी आवडणारी होते. तिला चिकटलेलं प्रोटीन सुटून आत पडतं.

आत कुणीही नाही. डबा, पाणी आणि ते एकटं. अनफिन्सनची टेस्टट्यूबच म्हणा, फक्त एका रेणूपुरती! ओपन ऑफिसमध्ये फोनवर बोलायला ती काचेची छोटी केबिन असते ना, तसं. वेळ साधारण दहा सेकंद. मग झाकण उघडतं आणि प्रोटीन बाहेर. घडी बसली असेल तर कामाला. नसेल तर पुन्हा डब्याच्या दारात, पुन्हा दहा सेकंद. काही प्रोटीन्स अशा कितीतरी चकरा मारतात. डबा कुणाला विचारत नाही की मागच्या वेळी काय झालं होतं.

हे शोधणाऱ्यांपैकी एक होते येल युनिव्हर्सिटीचे आर्थर हॉर्विच. पेशाने मूळचे बालरोगतज्ज्ञ. लिव्हरमधलं एक एन्झाइम बिघडलं की रक्तात अमोनिया साठत जातो आणि नवजात मुलगे दगावू शकतात. त्या एन्झाइमचा अभ्यास करताना हॉर्विच यांच्या लॅबने माणसाचं ते एन्झाइम यीस्टमध्ये घातलं आणि एक विचित्र यीस्ट हाती लागलं. एन्झाइम योग्य जागी पोचत होतं, पण घडीच पडत नव्हती. अनफिन्सनचा फंडा पाठ असलेल्या जगात हे अशक्यच वाटत होतं. म्युनिकच्या फ्रान्झ-उलरिख हार्टल यांच्यासोबत १९८९ मध्ये उलगडा झाला. त्या यीस्टमध्ये एचएसपी ६० बिघडलेली होती, म्हणजे ग्रोईएलचीच बहीण. दोघांना २०११ चं लास्कर अवॉर्ड मिळालं. गंमत म्हणजे, त्या डब्यात नेमकं काय होतं यावर दोघांच्या लॅबचं एकमत नाही. एका बाजूचं म्हणणं, डबा फक्त एकांत देतो. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, नाही, अरुंद जागेमुळे घडी पडायचा वेगही वाढतो. एकाच अवॉर्डच्या स्टेजवरची दोन माणसं, आणि भांडण मात्र चालूच. मला हे फार आवडतं.

बाय द वे, शॅपरोन हे नाव ठेवलं केंब्रिजच्या रॉन लास्की यांनी, १९७८ मध्ये, बेडकाच्या अंड्यातल्या एका प्रोटीनला. आणि १९८७ मध्ये जॉन एलिस यांनी ते सगळ्या खात्याला लावलं. त्यांची व्याख्या मराठीत सांगायची तर अशी : जी दुसऱ्याची घडी बसायला मदत करते, पण घडी कशी असावी हे सांगत नाही, आणि घडी बसल्यावर स्वतः त्यात राहत नाही. बघा, पाठराखीणच की नाही?

इथवर सगळं गोड गोड आहे. पण पेशीत संधी अनलिमिटेड मिळत नाही. घडी बसतच नसेल तर कधीतरी निर्णय घ्यावा लागतो. आणि तो निर्णय घेणाऱ्यांमध्ये शॅपरोनही असते, ही या गोष्टीतली कडू बाजू. एचएसपी ७० च्या शेपटीला 'चिप' नावाचं एक प्रोटीन येऊन जोडलं जाऊ शकतं. ते हातातल्या प्रोटीनवर 'मोडीत काढा' असा शिक्का मारतं. शिक्का बसला की प्रोटीन थेट प्रोटिओझोममध्ये, म्हणजे पेशीच्या भंगारवाल्याकडे. तिथे परत मणी सुटे. बहुतेक वेळा हे बरोबरच असतं, कारण विस्कटलेली प्रोटीन्स साठत गेली तर काय होतं ते अल्झायमर्स आणि पार्किन्सन्सच्या पेशंटच्या मेंदूत दिसतं.

पण कधीकधी पेशी फार कडक वागते. सिस्टिक फायब्रोसिस नावाचा आजार असतो. फुप्फुसात चिकट कफ साठतो, इन्फेक्शन्स पाठ सोडत नाहीत, आणि एकेकाळी यातली बहुतेक मुलं मोठी व्हायच्या आत जायची. युरोप-अमेरिकेत जास्त आढळतो, आपल्याकडेही आहे, बरेचदा उशिरा ओळखला जातो. यात बिघडतं ते सीएफटीआर नावाचं प्रोटीन, पेशीच्या पृष्ठभागावरचं क्लोराइडचं दार. एकूण १४८० मणी. त्यातला फक्त ५०८ वा मणी गळालेला, हा सगळ्यात जास्त आढळणारा बिघाड. चौदाशे ऐंशीतला एक!

आणि खरी चुटपुट पुढे आहे. हे एक मणी कमी असलेलं प्रोटीन अगदीच टाकाऊ नसतं. ते पृष्ठभागावर पोचलं तर दार थोडंफार उघडतं, क्लोराइड जातं. पण त्याला पोचूच दिलं जात नाही. घडी थोडी ढिली, उंबरठ्यावर शॅपरोन्स त्याला धरून ठेवतात, आणि 'होत नाही याच्याने' म्हणून शिक्का मारून भंगारात. पेशंट आजारी पडतो तो मुख्यतः त्या रिजेक्शनमुळे.

म्हणून मग औषधवाल्यांनी विचार उलटा केला. जीन दुरुस्त करणं अवघड, तर त्या ढिल्या घडीला टेकू देऊन चेकिंगमधून पास करून घेता येईल का? अशा छोट्या रेणूंना 'करेक्टर' म्हणतात. दोन करेक्टर आणि पृष्ठभागावर पोचल्यावर दार जास्त वेळ उघडं ठेवणारं तिसरं औषध, अशी तीन औषधं एकत्र असलेली गोळी अमेरिकेत ऑक्टोबर २०१९ मध्ये मंजूर झाली. ट्रान्सप्लांटच्या रांगेत असलेली माणसं नोकरीवर परतली. लग्नं करू लागली, रिटायरमेंट प्लॅनिंग करू लागली! एका मण्याच्या कमतरतेमुळे ज्यांना उद्याची खात्री नव्हती, ती माणसं.

अमेरिकेतली या औषधाची छापील किंमत वर्षाला तीन लाख डॉलरच्या वर आहे, आणि ते आयुष्यभर घ्यायचं असतं. पेशी दुसरी संधी कुणाला देते ते मण्यांवर ठरतं. पेशीबाहेर ते कशावर ठरतं, हे आकड्यातच आलं.

उलट बाजूचाही एक नमुना. पाठराखीण चांगल्याचीच पाठ राखेल असं नाही. एचएसपी ९० चा मोठा क्लायंट म्हणजे कॅन्सरच्या पेशी. त्यांच्यातली कितीतरी प्रोटीन्स मुळात डळमळीत असतात, ती उभी राहतात एचएसपी ९० च्या आधारावर. म्हणून तिथे प्रयत्न चालतो तो शॅपरोनला सुट्टीवर पाठवण्याचा. बरीच वर्षं एकामागून एक औषधं फसली. पोटाच्या एका ट्यूमरसाठी असं औषध जपानने २०२२ मध्ये मंजूर केलं.

कुणीतरी विचारणारच, म्हणून सांगून टाकते. सॉनामध्ये बसल्यावर, गरम पाण्यात डुंबल्यावर शरीरात एचएसपी वाढतात, हे खरं आहे. तेवढ्यावरून 'हीट शॉक थेरपी' नावाचं पॅकेज कुणी विकत असेल तर गरम पाण्याचे पैसे द्या, थेरपीचे देऊ नका.

आता शेवटची पाठराखीण. ही तुम्हाला आत्ता, या क्षणी उपयोगी पडतेय. डोळ्याच्या लेन्समध्ये प्रोटीन्स ठासून भरलेली असतात आणि तरी ती काचेसारखी पारदर्शक असते, कारण गोळा होत नाही. गोळा झाला तर उकडलेल्या अंड्यासारखी पांढरी होईल. त्यालाच आपण मोतीबिंदू म्हणतो. हा गोळा थोपवण्याचं काम करते अल्फा-क्रिस्टॅलिन. ती शॅपरोन आहे हे १९९२ मध्ये जोसेफ हॉर्विट्झ यांनी दाखवलं. (मघाचे हॉर्विच वेगळे.) तिच्याकडे एटीपीवर चालणारा डबा-बिबा काही नाही. घडी सुटलेलं प्रोटीन दिसलं की ते धरून ठेवायचं, बस्स. सोडणं नाही, परत घडी घालणं नाही.

आणि नवीन भरतीही नाही. लेन्सच्या मध्यभागातल्या पेशींनी पारदर्शक होण्यासाठी स्वतःचं केंद्रकसुद्धा टाकून दिलेलं असतं, त्यामुळे तिथे नवं प्रोटीन बनत नाही. मध्यभागी आज जे आहे ते तुमच्या जन्माच्याही आधी बनलेलं. म्हणजे हात धरायला मोकळ्या असलेल्या अल्फा-क्रिस्टॅलिनचा साठाही एकदाच मिळालेला. चाळिशीच्या आसपास मध्यभागातला हा मोकळा साठा जवळपास संपतो. उन्हातले अल्ट्राव्हायोलेट किरण, सिगरेट आणि डायबेटिस यांनी लेन्समधल्या प्रोटीनचं नुकसान लवकर होतं. त्यानंतरही बरीच वर्षं लेन्स साफ राहते, मग कधीतरी दिव्याभोवती वलयं दिसू लागतात, आणि डॉक्टर ती जुनी लेन्स आतल्या आत फोडून, शोषून बाहेर काढतात. तिच्या जागी ॲक्रिलिकची बसवतात. अर्ध्या तासाचं काम, संध्याकाळी घरी.